कोर्टातल्या कर्मचाऱ्यांचा वाद आणि आपली तारीख: बेलिफ, नाझर, कारकून यांना नियम काय, तक्रार कुठे करायची?

तालुक्याच्या कोर्टात तारखेला गेलेल्या माणसाला न्यायाधीश साहेब दिसतात पाच-दहा मिनिटं. बाकीचा दिवस जातो कर्मचाऱ्यांच्या टेबलांपुढे. फाईल वर गेली का, समन्स बजावून आलं का, नक्कल तयार झाली का, पोटगीचे पैसे जमा झाले का, हे सगळं त्या टेबलांवर कळतं. आणि दोन टेबलांचं आपसात पटत नसेल तर त्याचा फटका बसतो तुम्हाला. "फाईल त्यांच्याकडे आहे, त्यांनाच विचारा", "माझ्याकडे चार्ज नाही", "ते रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या". ही वाक्यं ऐकली नाहीत असा पक्षकार शोधून सापडणार नाही.

दुसरी बाजूही आहे. आपल्याच गावांतली पोरं-पोरी परीक्षा देऊन कोर्टात कनिष्ठ लिपिक, लघुलेखक, शिपाई म्हणून लागतात. घरी आनंद होतो, पेढे वाटले जातात. पण आत वरिष्ठांशी खटका उडाला, खोटा ठपका आला, कुणी त्रास दिला तर काय करायचं, हे त्यांना कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख दोघांसाठी आहे, टेबलापलीकडच्या माणसासाठी आणि अलीकडच्यासाठीही.

आधी कोण कोण ते ओळखा

गावाकडे कोर्टाच्या आवारात दिसेल त्याला 'कोर्टवाले' म्हणायची पद्धत आहे. घोटाळा इथूनच सुरू होतो. वकिलाचा कारकून, स्टॅम्प विकणारा, बाहेर टाइपरायटर किंवा कॉम्प्युटर घेऊन बसलेला, ही माणसं कोर्टाचे कर्मचारी नाहीत. त्यांच्याशी झालेला पैशाचा व्यवहार किंवा वाद हा कोर्टाच्या कर्मचाऱ्याविरुद्धची तक्रार होत नाही. पोलीस ठाण्यातून समन्स-वॉरंटसाठी कोर्टात येणारा हवालदारही पोलीस खात्याचा माणूस, कोर्टाचा नव्हे.

आतले लोक कोण? कार्यालयाचा कारभार बघणारा सहायक अधीक्षक. जुनी माणसं त्याला अजून शिरस्तेदारच म्हणतात. न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून फाईल देणारा, पुढची तारीख लिहून घेणारा कारकून. साक्ष आणि हुकूम टाइप करणारा लघुलेखक. पैशाचा व्यवहार आणि समन्स-नोटिसांचा विभाग सांभाळणारा नाझर, आणि त्याच्या हाताखालचे बेलिफ. नक्कल देणारा, जुनी फाईल सांभाळणारा, मुद्देमाल सांभाळणारा. आणि नावाचा पुकारा करणारा शिपाई. छोट्या कोर्टात यातली दोन-तीन कामं एकाच माणसाच्या गळ्यात असतात. त्याची बदली झाली, तो आजारी पडला, किंवा त्याचं आणि सहायक अधीक्षकाचं वाजलं, की तीनही कामं थांबतात.

वाद होतात कशावरून?

बाहेरून वाटतं की स्वभावावरून होतात. काही होतातही. पण कोर्टातले बरेचसे खटके कागदाच्या जबाबदारीवरून उडतात. कोर्टात प्रत्येक कागद कुणाच्या तरी ताब्यात असतो आणि तो हरवला तर त्या माणसाची नोकरी अडचणीत येते. म्हणून 'मी दिला होता', 'मला मिळालाच नाही' हा तिथला सगळ्यात मोठा वाद.

समजा एका कारकुनाची बदली झाली. नव्या माणसाला चार्ज देताना प्रकरणांची यादी मोजून, दोघांच्या सह्या घेऊन द्यायला हवी. घाईत ती अर्धवट झाली. सहा महिन्यांनी एका जमिनीच्या दाव्यात मूळ खरेदीखत सापडेना. जुना म्हणतो चार्जमध्ये दिलं, नवा म्हणतो यादीत नाही. साहेब दोघांना नोटीस काढतात. दोघं एकमेकांशी बोलणं बंद करतात. आणि ज्याचं खरेदीखत आहे तो शेतकरी दर तारखेला येऊन बसतो. या तिघांत चूक नसलेला माणूस तो एकच, आणि गाडीभाडं खर्च होतंय तेही त्याचंच.

पोटगीचं आणखी वाईट. नवऱ्याने कोर्टात भरलेले पैसे बाईला मिळायला नाझरच्या वहीत नोंद आणि साहेबांची सही दोन्ही लागतं. आत कुणाचं कुणाशी अडलं की ती माऊली लेकराला काखेत घेऊन परत जाते. तिला आतलं राजकारण सांगून काही उपयोग नाही. तिने काय करावं ते पुढे सांगितलं आहे.

तिसरं कारण कामाची वाटणी. 'मलाच का बोर्डावर बसवलं, त्याला का नाही', 'मलाच का लांबच्या गावांचे समन्स'. जागा रिकाम्या असल्या की ही कुरबुर वाढते. चौथं म्हणजे, स्पष्टच लिहितो, चहापाण्याच्या पैशाची वाटणी. हे सगळीकडे नाही, प्रामाणिक माणसं भरपूर आहेत आणि तीच जास्त भरडली जातात. पण जिथे आहे तिथे घेणारा आणि न घेणारा यांचं पटणं शक्यच नाही. न घेणाऱ्यालाच 'भांडखोर' म्हणून नाव पडतं.

बेलिफाचं काम नीट समजून घ्या

यावर थोडं जास्त लिहितोय, कारण गावाशी थेट संबंध येतो तो बेलिफाचाच. आणि नाझर-बेलिफ यांच्यातला नेहमीचा वादही यावरूनच असतो. समन्स न बजावता परत का आलं, बजावलं म्हणता तर सही कुठे?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ मध्ये याचे नियम आहेत. समन्स शक्यतो त्या माणसाच्या हातात द्यायचं आणि मूळ प्रतीवर त्याची सही घ्यायची. तो घरी नाही आणि लवकर भेटण्याची शक्यताही नाही, तर घरातल्या सज्ञान माणसाकडे देता येतं. बाई असो की बापया, दोघांपैकी कुणीही चालतं. पण घरातला गडी किंवा नोकर हा घरातला माणूस धरत नाहीत. त्याच्या हातात समन्स ठेवून 'बजावलं' लिहिता येत नाही.

माणूस सही करायला नकार देत असेल, किंवा नीट शोध घेऊनही सापडत नसेल आणि घेणारं दुसरं कुणी नसेल, तर तो राहतो त्या घराच्या बाहेरच्या दारावर किंवा ठळक जागी प्रत डकवायची. त्यानंतर बेलिफाने अहवाल लिहायचा: डकवली ती कोणत्या परिस्थितीत, घर कुणी दाखवलं, कुणाच्या समोर डकवली, त्यांची नावं-पत्ते. बजावणी केली त्याची वेळ आणि पद्धतही लिहावी लागते. या अहवालाला शपथपत्राची जोड नसेल तर कोर्टाने बेलिफाला शपथेवर तपासायचं असतं.

हे एवढं बारीक का? कारण बेलिफाने चावडीवर बसून 'इसम घरी मिळून आला नाही, दारावर डकवली' असं लिहून दिलं, तर पलीकडचा माणूस गैरहजर धरला जातो आणि एकतर्फी हुकूम होतो. वाटणीच्या दाव्यात, बांधाच्या दाव्यात एखाद्या भावाला हुकूम झाल्यावर तलाठ्याकडून कळतं. असा हुकूम रद्द करून घ्यायला अर्ज करता येतो. मुदत ३० दिवसांची असते. समन्स रीतसर बजावलंच गेलं नव्हतं असं असेल, तर हे ३० दिवस हुकुमाची माहिती झाली त्या दिवसापासून मोजतात. पण एक लक्षात ठेवा. तुम्हाला तारखेची माहिती होती आणि यायला पुरेसा वेळही होता असं दिसलं, तर बजावणीत बारीकसारीक खोट आहे एवढ्यावर हुकूम रद्द होत नाही.

म्हणून बेलिफ दारात आला की पळून जाऊ नका, भांडू नका, कागद फाडू नका. घ्या, तारीख वाचा, सही करताना स्वतःच्या हाताने तारीख आणि वेळ टाका. वाचता येत नसेल तर पोराला बोलवा. बेलिफाने पेट्रोलला पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. समन्सची फी दावा करणाऱ्याने कोर्टात भरलेली असते. तुम्हाला साक्षीला घर दाखवायला बोलवलं आणि कोऱ्या कागदावर सही मागितली तर करू नका. आधी मजकूर लिहू द्या, वाचून घ्या, मग करा.

बेलिफाचीही व्यथा ऐकण्यासारखी आहे. एकाच्या वाट्याला ढीगभर गावं, स्वतःची दुचाकी, कुत्री अंगावर, शिव्या फुकट. खरा अहवाल लिहिला तर वादीचा वकील चिडतो, खोटा लिहिला तर नोकरी जाते. वरून नाझर म्हणतो आजच्या आज आकडा दे. या कात्रीतून पुढे भांडण होतं ते सहसा नाझर आणि बेलिफ यांच्यात.

यांच्यावर हुकूम कुणाचा?

आमदार, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी यांच्यापैकी कुणाचाही नाही. राज्यघटनेच्या कलम २३५ प्रमाणे जिल्हा न्यायालय आणि त्याखालच्या न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं. जिल्ह्यात कर्मचाऱ्यांची नेमणूक, बदली आणि शिस्तीची कारवाई बघतात ते प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश. तालुक्याचे न्यायाधीश कर्मचाऱ्याचा खुलासा मागवू शकतात, समज देऊ शकतात आणि वर अहवाल पाठवू शकतात. त्यामुळे 'मंत्र्याकडून फोन करवतो' याचा उपयोग नाही, उलट तोटा आहे. स्वतःच्या नोकरीच्या कामासाठी बाहेरचं किंवा राजकीय वजन वापरणं हाच कर्मचाऱ्याच्या बाबतीत गैरवर्तनाचा मुद्दा होतो. घरच्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावं. पोराच्या बदलीसाठी आमदाराचं पत्र आणलं की त्याची फाईल जड होते.

वागणुकीचे नियम आहेत महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९. कारवाई कशी करायची त्याचे वेगळे, महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९. वर्तणूक नियमांचा गाभा साधा आहे: सचोटी ठेवा, कामात कसूर करू नका, कार्यालयाचा कागद किंवा माहिती परवानगीशिवाय बाहेर देऊ नका, भेटी घेऊ नका, नशेत कामावर येऊ नका. कोर्टात यातला माहितीचा मुद्दा फार नाजूक. हुकूम साहेबांनी अजून वाचून दाखवलेला नाही आणि लघुलेखकाने पाहुण्याला फोनवर सांगितला, तर तो 'मदत' म्हणून सुटत नाही.

कारवाई पायरीपायरीने होते. आधी खुलासा किंवा कारणे दाखवा नोटीस. मग गरज वाटली तर प्राथमिक चौकशी. मग दोषारोपपत्र, त्यासोबत साक्षीदार आणि कागदांची यादी. कर्मचारी लेखी उत्तर देतो, साक्षीदारांना प्रश्न विचारतो, स्वतःचे साक्षीदार आणतो. चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल त्याला द्यावा लागतो आणि त्यावर त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. राज्यघटनेचं कलम ३११ सांगतं की आरोप कळवून आणि बाजू मांडायची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याशिवाय सरकारी नोकराला बडतर्फ करता येत नाही. अपवाद आहेत, पण ते थोडे.

शिक्षा किरकोळ आणि जबर अशा दोन तऱ्हेच्या. ठपका, वेतनवाढ रोखणं, पदोन्नती रोखणं, झालेलं नुकसान पगारातून वसूल करणं ही किरकोळ. खालच्या पदावर आणणं, सक्तीने निवृत्त करणं, सेवेतून काढून टाकणं आणि बडतर्फी ही जबर. शेवटच्या दोन्हींत फरक आहे, आणि तो लोकांना माहीत नसतो. काढून टाकलेल्याला पुढे सरकारी नोकरी मिळण्याचा दरवाजा उघडा असतो, बडतर्फ झालेल्याला तो साधारणपणे बंद होतो.

निलंबन ही शिक्षा नाही. चौकशी चालू असताना माणसाला बाजूला ठेवणं, एवढंच. त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो. सुरुवातीला तो साधारण अर्धपगारी रजेच्या पगाराइतका असतो. गावात मात्र 'सस्पेंड झाला' म्हणजे 'खाल्ले असणार' असाच अर्थ काढतात. चौकशी संपेपर्यंत तसं म्हणणं अन्याय आहे.

दिल्लीची एक गोष्ट

कोर्टातल्या आतल्या वादाचं टोक काय असतं ते दाखवणारं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. दिल्लीच्या पटियाला हाऊस कोर्टात नक्कल विभाग सांभाळणारा एक कर्मचारी १९९० मध्ये निलंबित झाला. निमित्त होतं सोबत काम करणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबरचा वाद आणि त्यातून आलेली तक्रार. विभागीय चौकशी रेंगाळली. निलंबन चाललं तब्बल नऊ वर्षांहून जास्त. १९९९ मध्ये त्याला सक्तीने निवृत्त केलं. तो लढत राहिला आणि निकाल लागला डिसेंबर २०१५ मध्ये.

सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. पण नऊ वर्षांचा निलंबनाचा काळ पेन्शनसाठी धरायला सांगितला. आणि सगळ्याच मालकांसाठी, म्हणजे सरकारी खात्यांसाठीसुद्धा, एक दंडक घातला: विभागीय चौकशी शक्यतो सहा महिन्यांत संपवा, काही अपरिहार्य कारणाने जमलं नाही तर जास्तीत जास्त एका वर्षात.

आपल्याकडे चौकशीत अडकलेल्या कर्मचाऱ्याने हा निकाल माहीत करून घ्यावा. चौकशी लांबली तर गप्प बसू नये, दर महिन्या-दोन महिन्यांनी 'मी चौकशीला तयार आहे, लवकर घ्यावी' असा अर्ज देऊन त्याची पोच जपून ठेवावी. उशीर कुणामुळे झाला हा प्रश्न पुढे येतो तेव्हा अशा पोचाच कामाला येतात. स्वतःच तारखा वाढवून घेतल्या असतील तर मात्र ओरडता येत नाही.

बाई कर्मचारी असेल तर

छोट्या तालुक्यात एखादी एकटीच मुलगी लघुलेखक म्हणून येते. राहायला खोली नाही, संध्याकाळी एसटी उशिरा. तिला कुणी अश्लील बोललं, अंगलट आलं, मोबाईलवर घाणेरडं पाठवलं, किंवा 'ऐकलं नाहीस तर गोपनीय अहवाल बघ' असं धमकावलं, तर तो 'आपसातला वाद' राहत नाही. १९९७ च्या विशाखा निकालाने यावर पहिल्यांदा नियम घातले आणि २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला. कोर्ट न्याय देतं म्हणून ते या कायद्याबाहेर नाही.

दहा किंवा जास्त लोक काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरचा. दहापेक्षा कमी लोक असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार लेखी, शेवटच्या प्रकारापासून तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पुरी करायची असते. नाव गुप्त ठेवायचं असतं. लिहिता येत नसेल तर समितीने लिहून घ्यायला मदत करायची.

दोन गोष्टी फार कमी लोकांना ठाऊक आहेत. एक, तक्रार करणारी बाई त्या कार्यालयात नोकरीलाच असली पाहिजे असं नाही. पोटगीच्या तारखेला आलेल्या बाईला कर्मचाऱ्याने त्रास दिला तर तीही तक्रार करू शकते. दुसरी, तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. मुद्दाम, दुष्ट हेतूने केली असं चौकशीत दिसलं तरच उलट कारवाईचा प्रश्न येतो. 'सिद्ध नाही झालं तर तुझीच नोकरी जाईल' असं कुणी भीती घालत असेल तर ते खरं नाही.

कर्मचाऱ्याने स्वतःला कसं जपावं

जुन्या नाझरांची एक सवय होती, आजही चांगल्या कर्मचाऱ्यांत दिसते: कागद हातात दिला की वहीत सही घ्यायची, सख्ख्या भावाकडूनसुद्धा. त्याचा राग मानायचा नाही. आज फाईली कॉम्प्युटरवर आल्या तरी मूळ दस्तऐवज आणि मुद्देमाल हातोहातच फिरतो, म्हणून ती वही अजून महत्त्वाची.

वरिष्ठाने तोंडी काही नियमाबाहेरचं सांगितलं, उदाहरणार्थ रोजनाम्यात तारीख मागची टाक, तर आवाज न चढवता 'साहेब, लेखी द्या' म्हणायचं. द्यायला तयार नसतील तर आपणच छोटी टिपणी करून पुढे ठेवायची. सहकाऱ्याविरुद्ध तक्रार करायची तर 'तो नेहमी त्रास देतो' असं मोघम लिहू नये. कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठे, काय शब्द वापरले, कोण हजर होतं, तेवढंच लिहावं. कुणाची जात, घरचं, चारित्र्य यात ओढू नये. अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे आपल्या न्यायाधीशांमार्फत प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे. तक्रार त्यांच्याबद्दलच असेल तर थेट वर पाठवायला हरकत नाही, पण तसं का केलं ते अर्जातच लिहावं.

आणि व्हॉट्सॲपचं स्टेटस! आतल्या भांडणाचे टोमणे स्टेटसला टाकणारे महाभाग आहेत. पुढे त्याचा स्क्रीनशॉट दोषारोपपत्राला जोडून येतो.

पक्षकाराने काय करायचं

सगळ्यात आधी, त्यांच्या भांडणात पडायचं नाही. एक कारकून तुम्हाला बाजूला घेऊन म्हणेल, 'त्याच्याविरुद्ध अर्ज द्या, मी तुमची फाईल बघतो.' असल्या अर्जावर सही करू नका. तुम्ही साक्षीदार होऊन बसाल, चौकशीच्या तारखा वेगळ्या सुरू होतील, आणि मूळ दावा आहे तिथेच राहील.

तुमचं स्वतःचं काम अडलं असेल तर तोंडी हेलपाटे दोन पुरे. तिसऱ्या वेळी साध्या मराठीत अर्ज लिहा: प्रकरणाचा नंबर, काय काम, कोणत्या तारखांना आलो, काय उत्तर मिळालं. वकील असेल तर त्यांच्यामार्फत न्यायाधीशांपुढे ठेवा, नसेल तर कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. पोटगीवाल्या बहिणींनीही हेच करायचं. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती त्याच आवारात असते आणि महिलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तेवढ्यानेही हाललं नाही तर प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या नावे पोस्टाने, पोच मागून, अर्ज पाठवा.

तक्रार कर्मचाऱ्याच्या वागण्याची आणि नाराजी निकालाची, या दोन्ही एकत्र करू नका. निकाल पटला नाही तर त्याचा रस्ता अपील. 'कारकुनाने पैसे खाऊन निकाल फिरवला' असं पुराव्याशिवाय लिहिलं तर खरी तक्रारही फुकट जाते.

पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४. पैसे देण्याआधी कळवलंत तर सापळा लावता येतो. २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो. नाइलाजाने, दबावाखाली द्यावीच लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा त्या विभागाला कळवलं तर तुम्ही त्यातून सुटता. आठव्या दिवशी पश्चात्ताप होऊन उपयोग नाही. मात्र पावती मिळते ती लाच नव्हे. कोर्ट फी, नक्कल फी, समन्स फी या रीतसर आहेत.

माहिती अधिकार कोर्टातही चालतो, पण त्याला मर्यादा आहे. तुमच्या तक्रारीवर पुढे काय झालं हे विचारता येतं. दाव्यातल्या कागदाची प्रत मात्र माहिती अधिकारात नको, नकलेचा अर्ज करूनच घ्यायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. आणि एखाद्या कर्मचाऱ्याला किती नोटिसा आल्या, कोणती शिक्षा झाली, ही २०१२ च्या निकालाप्रमाणे त्याची वैयक्तिक माहिती धरतात. व्यापक जनहित दाखवलं तरच ती मिळू शकते. भाऊबंदकीत कोर्टातल्या पुतण्याला अडचणीत आणायला म्हणून असे अर्ज टाकणारे आहेत, ते बहुधा फेटाळले जातात.

चिडून टेबलावर हात आपटणं, कॉलर धरणं, मोबाईल काढून शूटिंग करत दमदाटी करणं हे महागात पडतं. पूर्वी ज्याला लोक '३५३ लागला' म्हणत, ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १३२ झालं आहे. नंबर बदलला, गुन्हा तोच: सरकारी नोकराला काम करताना मारहाण किंवा जबरदस्ती. कोर्ट चालू असताना आत गोंधळ घातला तर त्याचं कलम वेगळं.

तारखेसाठी तर आता टेबलापर्यंत जायचीही गरज राहिलेली नाही. मोबाईलवर 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' हे सरकारी ॲप मोफत आहे. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरं-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो. वकिलाकडून तो एकदा लिहून घ्या आणि ॲपमध्ये टाका. पुढची तारीख, आज काय झालं, आणि अपलोड झाला असेल तर हुकूमही दिसतो. घरी बसून बघा, खात्री करा आणि मगच एसटी धरा. ॲपवर एक तारीख आणि कारकुनाने दुसरी सांगितली असं झालं, तर दोन्ही लिहून ठेवा आणि लवकरच्या तारखेला हजर राहा.